चांदीचा अंदाज

पुंडलिकनगरातल्या गाडेकर सरांच्या क्लासात मी वायदेबाजाराचे लाल-हिरव्या मेणबत्त्यांचे आलेख वाचायला शिकतो. भावाबरोबर उलाढालही वाढली तर तेजी खरी, नाहीतर खोटी, असं सर छाती ठोकून सांगतात. मला मात्र आलेख पाहिला की आधी स्वतःचीच शंका येते. बायको सारजा म्हणते, "जन्मभर पुस्तकं वाचून काय उजेड पडला, आता मेणबत्त्या वाचा!"

तरीही रोज सकाळी बाजार उघडण्याआधी सर एवढ्या पोरांतून मलाच विचारतात, "काका, आज चांदी कुठं जाईल?" मी चाचरत काहीतरी सांगतो आणि ते गंभीरपणे ऐकून घेतात. माझ्या मताला एवढी किंमत घरातही नाही. म्हणून काल मी निवृत्तीची ठेव मोडून स्वतः बाजारात उतरायचं ठरवलं आणि सरांना सांगायला गेलो.

दाराबाहेर चपला काढत होतो, तेव्हा आत सर त्यांच्या मेहुण्याला समजावत होते,

 

"ते आलेख-बिलेख पोरांच्या फीसाठी रे, सोमनाथ. काका वर म्हणाले की आपण विकायचं, खाली म्हणाले की घ्यायचं. लई भरवशाचा माणूस, अजून एकदाबी बरोबर आला नाय!"