हुप्प

"एक, दोन, हुप्प!" म्हणत टेलरमास्तरांनी बायकोला पलंगावरून उचललं, आणि पुढच्याच क्षणी दोघंही धपकन पलंगावर आदळले. खाली ती, वर ते. बायकोला हसू आवरेना. मास्तरांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

काही महिन्यांपूर्वी ती घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड कधीच जुळलं, पण उभं राहायची तिने अशी धास्ती घेतली की व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओ ताईंना ती दारातूनच परत पाठवायची. रोज सकाळी तिला उचलून खुर्चीत बसवायचं काम मास्तरांकडे आलं. दुसऱ्या शहरातला मुलगा केव्हापासून म्हणत होता, "बाबा, झेपत नसेल तर आईला मी माझ्याकडे नेतो." मास्तरांचं दुकान खाली, घर वर. दुकान सोडून ते कुठे जाणार? म्हणजे ती तिकडे आणि हे इकडे. इतकी वर्षं दोघांना रोज भांडायची सवय. या वयात एकट्याने कुणाशी भांडायचं?

"हे सगळं तुमच्या त्या सुईमुळे," बायको म्हणाली. "जन्मभर सुईवर पोट भरलंत, आता सुईनेच पोट मारताय."

साखर आणि वजन दोन्ही वाढलं म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन दिलं होतं. भूकच मेली. जेवायचं म्हणजे मास्तरांना शिक्षा वाटू लागली. चहात बुडवलेला टोस्ट, की दिवस सरला. डॉक्टरांनी डाळी-अंडी खा, व्यायाम करा, असंही बजावलं होतं. ते या कानाने आत आणि त्या कानाने बाहेर. वजन उतरतंय एवढंच त्यांनी ऐकलं. येईल त्या गिऱ्हाइकासमोर ते कमरेला टेप लावून दाखवत, आणि स्वतःची पँट स्वतःच आत घेताना तर त्यांना गाणं सुचे.

"कंबर पुरे झाली. आता दंडाचं माप घ्या," बायको म्हणाली.

मास्तरांनी बाही वर केली, गळ्यातली टेप दंडाला लावली आणि आकडा दोनदा वाचला. उभ्या जन्मात गावभरच्या लोकांची मापं घेतली, स्वतःचा दंड तेवढा मोजायचा राहिला होता. चरबीबरोबर मांसही उतरलं होतं.

"घरात माझं वजन कधी नव्हतंच," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आता अंगावरही राहिलं नाही."

बायकोने त्याच दिवशी ताईंना बोलावलं. नवऱ्यासाठी, हे आधीच बजावून. ताईंनी मास्तरांना स्टुलावरून हात न टेकता उठायला सांगितलं. मास्तर अर्धे उठले आणि बसले.

"काका, भूक लागो न लागो, खायचंच," ताई म्हणाल्या. "शरीराला बाहेरून मिळालं नाही की ते घरातली भांडीकुंडी विकून खातं. आणि जे मांस कामाला लावलं नाही, ते आधी विकतं."

दुसऱ्या दिवसापासून घरात शाळा भरली. मास्तर कापडाचा तागा छातीशी धरून स्टुलावर ऊठबस करत, भिंतीला हात टेकून भिंत ढकलत. समोरच्या खुर्चीत बायको आकडे मोजायची. ते दोन आकडे खायला बघत. ती ते परत मोजायला लावायची. ते कुचराई करायला लागले, की "असं नव्हे, असं!" म्हणत स्वतः खुर्चीच्या हातांवर जोर देऊन दाखवायची. ताई आल्या, की मास्तरांची परीक्षा घेऊन त्यांना दुकानात पाठवत आणि वर काकूंशी गप्पा मारत बसत. बायकांच्या गप्पा, म्हणून मास्तरांनी कधी लक्ष दिलं नाही.

खरं भांडण ताटावर. अंडं पाहिलं, की मास्तर तोंड फिरवत. "नाही जात गं."

"तुमच्यासाठी कोण म्हणतंय? मला उद्या उचलायचंय ना? मग गिळा."

या वाक्यापुढे मास्तरांची मात्रा चालत नसे. ते गिळत. अंडं, डाळीची वाटी, रात्री दूध. वजन उतरतच होतं, पण शर्टाच्या बाह्या हळूहळू परत भरल्या. सकाळचा 'हुप्प' खणखणीत झाला.

दोघं पलंगावर आदळल्याची बातमी शेजाऱ्यांकडून मुलाला कळायची ती कळलीच. एका सकाळी तो रिकामी बॅग घेऊन दारात उभा राहिला. "आईचं सामान भरतो. आता वाद नको."

मास्तरांनी वाद घातला नाही. बाह्या दुमडल्या, गुडघे वाकवले, बायकोच्या पाठीमागून हात घातले. आज हात थरथरला, तर उद्यापासून पलंग रिकामा. "एक, दोन, हुप्प!" ती अलगद वर आली आणि अलगद खुर्चीत बसली. मास्तरांचा श्वासही चढला नाही.

मुलगा बघतच राहिला. "बाबा, मानलं तुम्हाला!" त्याने बॅग कोपऱ्यात ढकलली, खोलीतल्याच ओट्यावर वडिलांसाठी दूध तापत ठेवलं आणि दंड दाबून बघायला आला. मास्तरांनी दुसराही दंड पुढे केला. तेवढ्यात दूध फसफसून वर आलं.

"अगं बाई, दूध!"

बायको खुर्चीतून उठली, टेबलाची कड धरून चार पावलं गेली आणि तिने गॅस बंद केला.

मुलाच्या हातातला दंड तसाच राहिला. मास्तरांना रडावं की ओरडावं ते कळेना. दोन्ही एकदमच झालं.

"तू... उभी? कधीपासून? आणि मी रोज तुला..."

तिने दूध पेल्यात ओतलं आणि तो त्यांच्यासमोर धरला.

"मी उभी राहिले असते ना, तर तुम्ही बसला असतात!"