एर्मिनियोचे पंधरा गुण

"मुदतीला दोनच दिवस उरलेत, बाबा," आबिलियो म्हणाला आणि त्यानं नोटीस ऑलिव्हच्या वाटीशेजारी ठेवली.

एर्मिनियोनं कागदाकडे पाहिलं नाही. तो पाव मोडत राहिला. रविवारची दुपार होती. टेबलावर लसूण-कोथिंबिरीच्या कढत पाण्यात शिळा पाव भिजत होता. देओलिंदानं त्यावर अंडी सोडली, हात पुसले, चष्मा चढवला आणि नोटीस नवऱ्याला वाचून दाखवली. एर्मिनियो सातव्या वर्षीच बकऱ्यांमागे गेला, शाळेची पायरी त्यानं कधी चढलीच नाही. घरात आलेला प्रत्येक कागद तिच्याच तोंडून त्याच्यापर्यंत पोचायचा.

"पन्नासच्या वेगमर्यादेत चौऱ्याण्णव. अतिगंभीर. चार गुण वजा," ती थांबली. "गाडी दुसरं कुणी चालवत असेल, तर मालकानं त्याचं नाव आणि परवान्याचा क्रमांक कळवावा."

"इतक्या जोरात कुठं निघाला होतास?" एर्मिनियोनं विचारलं.

"कामावर. उशीर झाला होता."

"आणि मागं पोरं बसलेली असतात तेव्हा?"

"तेव्हा नाही, बाबा. बसमध्ये पोरं असली की मी चाळीसच्या वर जात नाही. कुणालाही विचारा."

आबिलियो चार वाड्यांतली मुलं मोऊराच्या शाळेत नेणारी बस चालवायचा. परवान्यावर प्रत्येकाला मिळतात तसे त्यालाही बारा गुण मिळाले होते. चार लाल दिव्यापायी गेले. चार रस्त्यामधली सलग पट्टी ओलांडली म्हणून गेले. शेवटचे चार आता या कागदावर होते.

"शून्य झाले की परवाना रद्द," तो म्हणाला. "दोन वर्षं नवा काढता येत नाही. मग परत पहिल्यापासून, लेखी परीक्षेसकट. तोवर बस दुसऱ्याच्या हातात गेलेली असेल. एकेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काय येतं?"

"ती परीक्षा अजून तशीच अवघड असते का रे?" देओलिंदानं विचारलं.

"ते बाबांना विचार. त्यांनी कशी दिली देव जाणे!" आबिलियो हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

त्यानं खुर्ची पुढे ओढली. "बाबा, ऐका. फोटो मागून काढलाय. नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. तुमचं नाव लिहायचं, बस्स. तुम्हाला आजवर एक दंड नाही. शहाण्यासारखं चालवणाऱ्याला वरचे तीन बक्षीस देतात, म्हणजे तुमचे पंधरा. चार गेले तरी अकरा उरतात. सगळा गाव हेच करतो. शेजारच्या लुदोविनानं तर नातवासाठी सहा दिले, आणि ती बाई दाराबाहेरसुद्धा पडत नाही."

"मी लुदोविना नाही."

"नाही, तुम्ही एर्मिनियो! सेहेचाळीस वर्षं पिकअप, एकदाही पोलिसाची शिट्टी नाही. गुत्त्यात लोक तुमच्या नावानं पेला उचलतात."

ते खरंच होतं. एर्मिनियोइतकं जपून चालवणारा त्या भागात दुसरा नव्हता. मोठ्या रस्त्याला तो कधी लागायचा नाही, गिरणीलाही शेतांमधून जायचा. चौकात पोलीस दिसले की अलीकडेच थांबून सावकाश कॉफी प्यायचा. देओलिंदा कायम शेजारी, अगदी शेणखत आणायचं असलं तरी. वाटेतली प्रत्येक पाटी ती मोठ्यानं वाचायची. आबिलियो लहानपणी तिला 'घरचा रेडिओ' म्हणायचा.

"परवानाही ताजा आहे," आबिलियो म्हणाला. "सत्तरीनंतर नवा करायचा म्हणून मीच तुम्हा दोघांना बेजाला डोळे तपासायला सोडलं होतं की. चष्मा लागला तो आईला, तुमची नजर ससाण्याची."

एर्मिनियोनं चमचा खाली ठेवला. अंड्याला त्यानं हात लावला नव्हता.

"जमणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"जमणार नाही म्हटलं ना."

"चार गुण, बाबा! मी तुमची जमीन मागत नाही, मूत्रपिंड मागत नाही."

"मूत्रपिंड माग. देतो."

"म्हणजे गुत्त्यातला तो पेला तुम्हाला पोटच्या पोरापेक्षा मोठा." आबिलियोचा आवाज चढला. "पंधरा गुण उराशी धरून मरा. शवपेटीत ठेवतो तुमच्या."

देओलिंदा म्हणाली, "आबिलियो, पुरे."

एर्मिनियो उठला. खुंटीवरची टोपी काढली, ती हातात धरून जरा वेळ उभा राहिला.

"माझ्याकडे तुला द्यायला काही नाही, पोरा," तो म्हणाला आणि अंगणात गेला.

आबिलियोनं तोंड ओंजळीत धरलं. "पाहिलंस, आई? जन्मात एकदा काहीतरी मागितलं."

ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा, मग ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. परत आली ती परवान्याचं कार्ड घेऊन. तिनं ते नोटिशीवर ठेवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"आई," आबिलियोनं दाराकडे पाहिलं. "त्यांना कळलं तर?"

"कळू दे. लिही."

त्यानं घाईघाईनं क्रमांक उतरवला. एकेक आकडा पुन्हा ताडून पाहिला. मग पहिल्यांदा दिल्याची तारीख. मग नाव लिहायला नजर वर नेली, आणि पेन थांबलं. कार्डावरच्या फोटोतून चष्मा लावलेली देओलिंदा त्याच्याकडे पाहत होती.

"अगं, हा तर तुझा," तो म्हणाला. "तू कधी काढलास? तुला तर मी आयुष्यात गाडी चालवताना पाहिलं नाही. बाबांचा आण ना."

बाहेर एर्मिनियो पिकअपला टेकून, पाठ करून उभा होता. देओलिंदानं खिडकी लावून घेतली.

"माझंच नाव लिही," ती हळूच म्हणाली. "या घरात परवाना हा एकच आहे. पहिल्यापासून."