लीलाबाईंचं नाक

तापातून उठल्यापासून साहेबांना कसलाच वास येईना. दूध नासलं का, मासळी ताजी आहे का, ते आखातातल्या बुसैतीनच्या त्या घरात स्वयंपाकाच्या लीलाबाईच हुंगून सांगत. आज बाजारातून कोवळे मुळे आले, तशी साहेबांनी त्यांच्या ऑस्ट्रियातल्या गावची, तिथे मुळ्यांबरोबर पितात ती, वीस वर्षं जपलेली पांढरी वाईन उघडली आणि ग्लास लीलाबाईंपुढे धरला. लीलाबाई पंचशील पाळणाऱ्या, दारूला शिवत नसत. पण नुसतं हुंगल्याने शील मोडत नाही, असं ठरवून त्यांनी वास घेतला आणि झटकन नाक मागे घेतलं.

“सॉरी सर, खलास. केरोसीनचा वास येतोय.”

“केरोसीन? नक्की?” साहेबांचा चेहरा उजळला. “ही चांगली मुरली की असाच वास येतो. अजून सांगा.”

रॉकेलचं अजून काय सांगायचं? लीलाबाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रेशनची रांग सांगितली, आईचा वातींचा स्टोव्ह सांगितला, भाकरीलासुद्धा लागायचा तो वास सांगितला. साहेब डोळे मिटून मुळा खात, घोट घोट पीत ऐकत होते.

“थांबू नका,” ते हळूच म्हणाले. “आता येतोय.”