तळ्यातला गुंता

मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठी आर्वो एकटाच राहायचा. मासे, बेडूक, पाणपक्षी मोजायला मारेन दर ऋतूत शहरातून यायची, तेवढीच काय ती माणसाची चाहूल. यंदा बर्फ वितळल्यावर तिने पाण्यात एक रोबोट सोडला.

"आजोबा, आता बारा महिने हाच मोजेल आणि मला घरबसल्या कळवेल. तुमच्या मागची माझी कटकट गेली!"

"आणि बिघडला तर?"

"तर यावं लागेल. पण हा बिघडणाऱ्यातला नाही."

उन्हाळा सरला, पानं झडली. रोबोट इमानेइतबारे फिरत होता. आर्वो धक्क्यावर बसून त्याच्याकडे बघत राहायचा. मग एक दिवस रोबोट बंद पडला आणि मारेन धावत आली. त्याच्या पंख्याला गळाची दोरी गच्च गुंडाळली होती. चुकून अडकलेली नव्हे, नीट गाठी मारलेली.

"आजोबा, इथे गळ तुम्हीच टाकता ना?"

आर्वोने मान खाली घातली.

मारेनने काढलेली कात्री परत खिशात ठेवली. "या गाठी हातानेच सोडवायला हव्यात," ती म्हणाली. "अंधार होईल. जेवायला काय करताय?"