निळी जपानी बाइक

उत्तराने तो परिच्छेद वाचायला घेतला आणि अनीश कागद घेऊन सरसावून बसला.

पेनसिल्वेनियातल्या त्या क्लबहाउसमध्ये भर दुपारीही अंधारलेलं होतं. चामडी जाकिटं घातलेले आडदांड बाइकर भिंतीला टेकून उभे होते. समोर त्यांचा म्होरक्या हँक, पाय टेबलावर टाकून बसलेला. टेबलावर उत्तराचा फोन, स्पीकर चालू. पलीकडे मॅनहॅटनमध्ये मासिकाच्या संपादकबाई ऐकत होत्या. याला हँकचीच परवानगी होती. "म्हणजे नंतर कुणी आमचे शब्द फिरवायला नकोत," तो म्हणाला होता.

उत्तरा आठ महिने या टोळीत राहिली होती. पत्रकार म्हणून, उघडपणे. त्यांच्या मागे बसून फिरली, त्यांच्या मयतांना गेली, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. तिकडे पार्सिपनीत तिची आई देव पाण्यात घालून बसली होती. अनीश मात्र जर्सी सिटीहून आज पहिल्यांदाच इथे आला होता. तो मासिकाचा फॅक्ट-चेकर. छापण्याआधी लिहिलेलं त्या त्या माणसाला ऐकवायचं आणि चुका शोधायच्या, हे त्याचं काम. चूक दिसली की त्याला शिंक आल्यासारखं व्हायचं, दाबून ठेवताच यायचं नाही.

सगळा लेख अडला होता या एका परिच्छेदावर. गेल्या हिवाळ्यात रोझाबाईंनी या टोळीला आपल्या खाणावळीत यायला मनाई केली. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी काचेच्या दारातून बाइक आत घातली. खाणावळीचा चुराडा झाला, रोझाबाईंचा हात मोडला. हे काम हँकचं, असं त्या जीव तोडून सांगत होत्या, पण साक्षीला एक माणूस उभा राहीना. हँकचं एकच पालुपद, "त्या दिवशी आम्ही ओहायोत होतो." टोळीतल्या कुणी तोंड उघडलं नाही तर परिच्छेद कापायचा, असं संपादकबाईंनी सांगून टाकलं होतं. तो कापला की रोझाबाईंना वाली उरत नव्हता.

"...आणि दार फोडून हँक आत घुसला," उत्तरा शांतपणे वाचत होती, "आपल्या निळ्या जपानी बाइकवर."

अनीशने हातातला लेखाचा कागद पाहिला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, काळी, अमेरिकन, हँकने स्वतः जोडलेली. आठ महिने या लोकांत काढून ही बाई नेमकी बाइक चुकली! ज्या घरात जपानी गाडीचं नाव काढलं तरी विटाळ होतो, तिथे!

"अगं, चुकतेयस तू," तो मराठीत पुटपुटला. "काळी आहे ती. करेक्ट कर ना, यार!"

उत्तराने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच वाक्य तिने पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. "निळ्या जपानी बाइकवर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हँकचे पाय टेबलावरून खाली आले. मान लालबुंद झाली.

"जपानी? मी?" तो गरजला. "ते दार माझ्या काळ्या गाडीने फोडलंय! या हातांनी जोडलीय ती! विचार त्या म्हातारीला, तिने डोळ्यांनी पाहिलीय!"

आपण काय बोललो ते हँकला आत्ता उमगलं असावं. त्याचा हात फोनकडे गेला, पण आधी फोनच बोलला.

"थँक्यू, हँक," संपादकबाई म्हणाल्या. "इथे आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

उत्तरा उठली. अनीशला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि दाराकडे वळवलं.

"तुझ्या कागदावर आहे तेच छापायचं," ती मराठीत म्हणाली. "खुद्द हँकने चेक करून दिलंय."