खांबाजवळची सावली

ऊन थांबत नाही, म्हणून ड्रॉइंगमास्तर गुरुदास रस्त्यावर बसून आधी सावल्या रंगवत आणि माणसं मागाहून घरी काढत. चेहरे मात्र बायको, विनोदिनी, काढी. चवथीच्या गणपतींचे डोळे काढून काढून तिचा हात बसला होता.

डिचोलीच्या बाजाररस्त्याचं चित्र संपत आलं. पाववाल्यापासून हमालापर्यंत प्रत्येक सावलीला तिचं माणूस मिळालं. विजेच्या खांबाजवळची एक तेवढी उरली. दुसऱ्या दिवशी चार वाजता मास्तर मुद्दाम बघायला गेले. खांबाजवळ कोणी नव्हतं. जमिनीवर माणसाची सावली होती.

अबोलीचे वळेसर गुंफून विकणाऱ्या यशोदेने त्यांना मागे ओढलं. "मास्तर, ते कितीतरी वर्षं तिथंच आहे. चेहरा नाही, म्हणून कुणाच्या घरात शिरता येत नाही त्याला. चित्रात त्याला चेहरा तेवढा काढू नका हां."

मास्तर धापा टाकत घरी आले. विनोदिनी ब्रश धूत होती.

"उरलेलं माणूस मी पुरं केलं," ती म्हणाली. "चेहरा कुणाचा काढावा सुचेना, म्हणून तुमचाच काढला. पण अहो, मघाशी चहा घेऊन आत आडवे झालात ना? परत बाहेर कधी गेलात?"