पाचशेची मर्यादा

आईच्या कॉम्प्युटरवरचा घरचा फोल्डर मारुतीच्या शेपटासारखा वाढत चालला, तेव्हा मुलाने त्याला पाचशे फायलींची मर्यादा घातली. "आता नवी फाइल आली, की सगळ्यात जुनी आपोआप पुसली जाईल. तू काळजीच सोड," असं सांगून तो मोकळा झाला.

आईच्या जिवाला मात्र घोर लागला. सगळ्यात जुनी फाइल होती तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या आवाजाची. जेमतेम सात सेकंदांची. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

तिने युक्ती काढली. रोज सकाळी उठल्या उठल्या ती त्या फाइलची नवी प्रत करून त्याच फोल्डरमध्ये ठेवू लागली. नवी फाइल कशाला पुसली जाईल? तरी चैन पडेना, म्हणून दुपारी आणखी एक.

वर्षभराने मुलगा आपले लहानपणीचे फोटो शोधायला बसला. पाचशेच्या पाचशे फायलींत बाबा चष्माच शोधत होते.

"अगं आई, माझा एकही फोटो उरला नाही!"

आई चपापली. मग त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "अरे, तू आहेस की समोर."